डावीकडची बॅग

दुकानदाराने माझ्या मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना बॅगा लटकवल्या आणि विचारलं, "काका, मागे कोणी बसणार आहे का?"

सामान कुठे बांधायचं ते त्यावर ठरतं, म्हणून विचारलं त्याने. मला "नाही" म्हणायला जरा वेळ लागला.

सुमन, माझी बायको, साडीतच बसायची, दोन्ही पाय डावीकडे सोडून. त्यामुळे त्या बाजूला बॅग लावायची सोयच नव्हती. दोघांचं सगळं सामान उजवीकडच्या एका बॅगेत कोंबायचं, उरलेलं तिच्या मांडीवर. "माझ्या पायांपायी तुमची अडचण," असं प्रत्येक घाटात म्हणायची. माणूस गेल्यावर कपाटात जागा होते, पलंगावर होते, हे सोसून झालं होतं. गाडीवरही होते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"बघा, दोन्हीकडे कसा छान तोल आलाय," दुकानदार खूश होऊन म्हणाला.

तोल खरंच आला होता. मला तो बघवेना. मी वाकून डावीकडची बॅग सोडवली आणि त्याच्या हातात दिली.

"एवढं सामान नसतं हो माझं," म्हणालो.