चंदाच्या सात वाजताच्या गोळ्या

दर सव्वीस जानेवारीला शाळेतून निरोप येतो. माजी सैनिकांनी दोन शब्द बोलावेत. माईकसमोर उभं राहिलं की फर्माईश ठरलेली. बर्फातलं सांगा, गोळीबाराचं सांगा. गेल्या वेळी मी चंदाचं सांगायला लागलो, तर दुसऱ्याच मिनिटाला एका गुरुजींनी मला घड्याळ दाखवलं. कुत्र्याची गोष्ट कुणाला नको होती. म्हणून लिहून काढतोय. ज्याला नको असेल त्यानं इथंच थांबावं, माझं काही अडत नाही.

मी डॉग युनिटमध्ये हवालदार होतो. नोकरी बावीस वर्षं, त्यातली चौदा कुत्र्यांबरोबर. चंदा माझी शेवटची. जर्मन शेफर्ड, मादी, ट्रेड एक्सप्लोझिव्ह डिटेक्शन, म्हणजे स्फोटकं हुंगून काढायची. दिवस पाचला सुरू व्हायचा. खरारा, रन, ट्रेनिंग, मग खाणं. रोड ओपनिंगला, म्हणजे गाड्या जायच्या आधी रस्ता तपासायला, सगळ्यात पुढं चंदा, तिची दोरी धरून मी, आणि आमच्या मागं बाकीची पार्टी. ती एका जागी बसली की सगळे जागेवर थांबायचे. चार वेळा ती अशी बसली आणि चारही वेळा खाली माल निघाला. माझ्यामागं चालणारी ती पोरं आज आपापल्या घरी जेवतायत. त्यातल्या एकाचाही मला कधी फोन येत नाही, आणि मी वाटही बघत नाही.

पहिली फीट सकाळच्या रनला आली, सहा वीसला. पळता पळता पाय ताठ झाले, आडवी पडली, जबडा वाजायला लागला, तोंडाला फेस, खाली लघवी. दोन मिनिटं. काही हँडलर अशी गोष्ट दाबतात, कारण रिपोर्ट गेला की कुत्रं बोर्ड आऊट, नोकरीतून बाद. मी त्याच दिवशी रिपोर्ट दिला.

व्हेट ऑफिसर म्हणाले, "मिरगी है, हवालदार."

"ठीक होगी, सर?"

"ठीक नहीं होगी. संभालनी पड़ेगी."

चंदा बोर्ड आऊट झाली. माझी नोकरी चार महिने उरली होती. मी अर्ज केला, सह्या केल्या आणि पेन्शनबरोबर चंदाला घेऊन उंब्रजजवळच्या आमच्या गावी आलो.

सांभाळणं म्हणजे काय ते ऐका, कारण गावात एकालाही ते शिकायचं नव्हतं. गोळ्या दर बारा तासांनी. सकाळी सात, संध्याकाळी सात. सव्वासात नाही. त्या गोळ्यांनी फीट मुळातून जात नाही, दूर ढकलली जाते, आणि गोळ्या एकदम बंद पडल्या की ती दुप्पट जोरानं येते. फीट आली की आधी घड्याळ बघायचं. आजूबाजूचं सामान सरकवायचं. आवाज बंद, उजेड कमी. तोंडात काहीही घालायचं नाही, कुत्रं जीभ गिळत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर जिवाला धोका. त्यासाठी कराडच्या डॉक्टर मॅडमनी बिनसुईची सिरिंज भरून दिली होती, औषध मागच्या वाटेनं सोडायचं. उठल्यावर तिला घटकाभर काही दिसत नाही, भिंतीला धडकत फिरते, भूक मात्र राक्षसासारखी. तेव्हा फक्त शेजारी बसून राहायचं. मी हे सगळं एका वहीत लिहायचो. वेळ, किती मिनिटं, आधी काय झालं होतं.

गोळ्याही सरळ मिळत नव्हत्या. जवळच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीवर कुत्र्याचं नाव बघून ती परत केली. शेवटी लेक सांगलीत राहते तिथल्या एका दुकानातून महिन्याला आणायला लागलो. दुकानदार जैन म्हातारा, सगळे त्याला आण्णा म्हणायचे. तो एकटाच गोळ्या देताना विचारायचा, "चंदाबाई कशा आहेत?" आणि उत्तर ऐकायला थांबायचा.

गावात दुसऱ्याच महिन्यात तमाशा झाला. सकाळी सहा चाळीसला मी चंदाला घेऊन दूध डेअरीवरून चाललो होतो. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे. चंदा तिथंच पडली. "पिसाळलंय," कुणीतरी ओरडलं, आणि डेअरीच्या उत्तमनं वीट उचलली. एकजण पायातली चामड्याची चप्पल काढून तिच्या नाकाला लावायला आला. आमच्याकडं माणसालाही फीट आली की हेच करतात, चप्पल हुंगवतात, नाहीतर मुठीत किल्ल्या कोंबतात. त्याला मी हातानं अडवलं. तिसरा दुधाच्या मापाचा दांडा तिच्या दातांत घालायला लागला. त्याला मी छातीवर हात ठेवून ढकललं. तो किटल्यांवर जाऊन पडला, दूध सांडलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दोन मिनिटं पन्नास सेकंदांनी चंदा थांबली. उत्तमच्या हातात वीट होतीच.

"हवालदार, औषध घालून मोकळं करा तिला," तो म्हणाला. "तुमच्या जिवावर येत असंल तर आमी करतो."

"हात लावून बघ," मी म्हणालो.

त्या दिवसापासून त्या रस्त्यानं मला कुणी रामराम केला नाही. मीही केला नाही.

घरात वैर नव्हतं, पण प्रेमही नव्हतं. घरात थोरला भाऊ तात्या, वहिनी, मी आणि आमची मंडळी. नवरात्रात आमच्या घरी घट बसतात. तात्या नऊ दिवस उपवास धरतो, अनवाणी राहतो. अंडं-मटण घरात सोडा, घरात नावसुद्धा निघत नाही. पहिल्याच माळेला चंदा सोप्यात, देवघराच्या दारासमोर पडली आणि लघवी झाली. वहिनीनं जागा पुसली, गोमूत्र शिंपडलं.

तात्या म्हणाला, "बाळू, नऊ दिवस हिला गोठ्यात ठेव. लय झालं."

मी माझी खाटही गोठ्यात नेली. गोठा गावाबाहेर, आमच्या उसाच्या कडेला. आणि तिथं मी एक गोष्ट चोरून करत होतो. चंदाच्या गोळ्या मी उकडलेल्या अंड्यातून द्यायचो. चपातीतून, गुळातून, भातातून, सगळ्यातून देऊन बघितल्या होत्या. बॉम्ब हुडकणारं नाक ते. भोवतालचं खाऊन गोळी बाजूला काढून ठेवायची. अंडं तेवढं न चावता एका घासात गिळायची. म्हणून मी गोठ्यात स्टोव्हवर डबा ठेवून अंडी उकडायचो आणि टरफलं उसात पुरायचो. घट बसलेल्या घरात हे कळायला नको होतं.

माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत तिसऱ्या माळेला ठरलं होतं. तारीख पुढं जाईना. दुसऱ्या माळेला सकाळच्या सातच्या गोळ्या देऊन मी निघालो. मंडळीही बरोबर होती. निघताना सोप्यात तात्याला सांगितलं, "सकाळी सात, संध्याकाळी सात. दोन-दोन गोळ्या. चुकवायचं नाही." लाल डबा दाखवला, सिरिंज दाखवली.

"कशात द्याच्या?" तात्यानं विचारलं.

वहिनी तिथंच बसून माळेची फुलं निवडत होती.

"दे कशात तरी घालून," मी म्हणालो.

"व्हय."

पाचव्या माळेला सकाळी नऊ दहाला तात्याचा फोन आला.

"सकाळधरनं दोनदा पडली. उठली, पर डोळं येगळंच हायत तिचं."

"गोळ्या?"

"दिल्या की. घड्याळ बघून."

डॉक्टर नको म्हणत होते, मंडळी भांडली. मी डोळ्याला पट्टी तशीच ठेवून कराडची एसटी पकडली. पेठ नाक्याच्या अलीकडं, बारा पंचवीसला, परत फोन.

"बाळू, पडलीया. थांबना."

"किती वाजता सुरू झाली?"

"ठावं न्हाई. मी आलो तवा झटकं चालूच हुतं."

"तोंडात हात घालू नको. बादली, दावी बाजूला कर. पोटावर, पायांवर पाणी ओत. मागं आवाज कुणाचा?"

"उत्तम हाय. आनि चार-पाच जण. काठ्या घिऊन आल्यात."

"लाल डबा काढ. सिरिंज घे. शेपूट वर कर आणि मागच्या वाटेनं आत सोड."

फोनवर नुसता वारा ऐकू येत होता.

"बाळू, माझं नऊ दिवस हायत."

"माहीत आहे."

"मी आत्ता माळ घालून आलोय."

"तात्या, हात लाव."

एसटीतले लोक माझ्याकडं वळून बघत होते. शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली. मग तात्याचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हता. "मागं सर, उत्तम. काठी खाली टाक. आमच्या घरचं हाय ते." मग परत माझ्याशी, "सोडलं. समदं सोडलं."

"वेळ सांग."

"साडेबाराला दोन कमी."

बारा पस्तीसला तो म्हणाला, थांबली. मी म्हणालो, मिळेल ती गाडी कर आणि कराडला आण. डॉक्टर मॅडमना मी फोन केला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तात्या आधीच आला होता. टेंपोच्या हौद्यात अनवाणी बसला होता, चंदाचं डोकं मांडीवर, धोतर भिजलेलं. हायवेवर तिला परत सुरू झालं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं. मी हाक मारली. चौदा वर्षांत माझ्या हाकेला एकाही कुत्र्याचा कान हलला नाही असं झालं नव्हतं. तिचा हलला नाही.

मॅडमनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, बर्फ ठेवला. एकदा विचारलं, "डोस चुकला होता का?"

"न्हाई," तात्या म्हणाला.

"नाही," मीही म्हणालो.

तीन वाजून पाच मिनिटांनी चंदा गेली.

उसाच्या कडेला खड्डा तात्यानंच काढला. मला वाकायची बंदी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठा आवरायला गेलो. गव्हाणीखाली पाचटात पांढरं काहीतरी दिसलं. मुंग्या लागलेला राजगिऱ्याचा चुरा, आणि त्यात गोळ्या. काही अख्ख्या, काही भिजून पाचटाला चिकटलेल्या. माझ्या मागं सहा वेळचे डोस झाले होते, म्हणजे बारा गोळ्या. मला अकरा सापडल्या.

मी त्या मुठीत घेऊन घरी गेलो आणि तात्यासमोर सोप्यात टाकल्या. मला त्याला मारायचं होतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही, खरं आहे ते.

"ह्या काय?"

तात्यानं खाली बघितलं. "लाडवातनं दिल्या. उपासाच्या. लाडू खायाची की समदा, मी हुबा राहून बघायचो."

"अंड्यातून द्यायच्या असतात."

"तू म्हनला न्हाईस."

वहिनी देवघरातून बाहेर आली. हातात झेंडूची फुलं तशीच होती.

"आवं भावजी," ती म्हणाली, "सांगायचं न्हाई व्हय? मी सवता उकडून दिली असती गोठ्यात. औषिद हाय ते. देव काय रागावतोय व्हय औषिदाला?"

एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवशी घरात कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही, आणि मला तेच सहन झालं नाही.

फौजेत ऑर्डर दिली की समोरच्याकडून ती परत वदवून घ्यायची असते. शब्दन् शब्द. बावीस वर्षं मी ते केलं, जवानांकडून करून घेतलं, चुकलेल्यांना राऊंड मारायला लावले. घरी केलं नाही, कारण परत वदवून घेतली असती तर त्यात अंडं आलं असतं. भुईत पुरलेल्या बॉम्बच्या पुढं मी बिनघोर चालायचो, आणि माळ गुंफणाऱ्या वहिनीसमोर अंडं म्हणायला घाबरलो. उत्तमनं वीट उचलली, काठी आणली, मी त्याला वर्षभर शिव्या घातल्या. पण उत्तमनं चंदाला मारलं नाही.

ज्यांच्या घरी असं कुत्रं आहे त्यांना एवढंच सांगतो. गोळी दिली असं म्हणू नका. गोळी गिळली का, ते तोंड उघडून बघा. आणि दुसऱ्याच्या हाती सोपवताना सगळं सांगा, लाज वाटते ते आधी सांगा.

वहीत शेवटची नोंद माझ्या हातची आहे. नाव चंदा. ट्रेड एक्सप्लोझिव्ह डिटेक्शन. चार वेळा माल शोधला, पार्टीतला एकही जवान गमावला नाही. पाचव्या माळेला १५०५ वाजता मृत्यू. कारण, औषध पोचलं नाही. शेवटपर्यंत सोबत तात्या. सहाही डोसांना हँडलर गैरहजर.