अकराव्या कडव्यानंतर

कुंडलिक गुरुजी मार्गासनीच्या शाळेत नवीन लागले आणि एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं. गुरुजींनी चाळीस कडव्यांची वीरकविता लिहायला घेतली. ते अकराव्या कडव्यावर असताना युद्ध संपलं. गावाने पेढे वाटले, गुरुजी मात्र हिरमुसले.

कविता त्यांनी पुढच्या वर्षी पूर्ण केली. कारगिलच्या वेळी त्यातलं वाळवंट काढून बर्फ घातला. पण निवृत्तीपर्यंत प्रत्येक स्नेहसंमेलनात अकराव्या कडव्याला कुणीतरी टाळ्या सुरू करायचं आणि गुरुजींना खाली बसावं लागायचं. पुढची एकोणतीस कडवी कुणी ऐकलीच नव्हती. एकदा तरी कुणी शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा.

यंदा माझी चुलती ठकुबाई हिच्या भुईमुगात वानरं शिरली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. म्हटलं, मोठा आवाज लावू. गुरुजींचा आवाज पंचक्रोशीत दणदणीत. त्यांची कविता रेकॉर्ड केली आणि बांधावर स्पीकर लावला. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून ऐकायला आले.

"हट रे शत्रू, माघारी फिर! नाहीतर उडवीन तुझं शिर!"

वानरं धूम पळाली आणि आंब्यावर चढली. अकरावं कडवं संपलं आणि बॅटरी बसली. वानरं खाली उतरली.

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुन्हा तिसरीत बसल्यासारखं वाटलं. "तूसुद्धा?" म्हणाले. मग छत्री उगारत स्वतःच शेतात उतरले आणि बारावं कडवं सुरू केलं.

वानरं बांधावर थबकली. छत्री डावीकडे गेली की माना डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. विसाव्या कडव्याला ती चक्क खाली बसली. म्होरक्याने जांभई दिली, पण उठला नाही. चाळिसावं कडवं संपलं. गुरुजी घामाघूम. बांधावर चिडीचूप.

"संपलं?" ठकुबाईने घाबरून विचारलं.

"संपलं, ठके. सगळं संपलं." गुरुजींचे डोळे भरून आले होते.

"आवं, मग परत म्हना की! एका शेंगंला हात लावला न्हाई त्यांनी!"

"पहिल्यापासून?"

"व्हय. आन् उद्या जरा लवकर या, सकाळी लई येत्यात."

गुरुजींनी छत्री झटकली, घसा खाकरला आणि मला म्हणाले, "तू तो स्पीकर काढ आधी."