ती फळी माझी होती
जवसाच्या तेलाचा वास आला की कृष्णाकाठची ती शिडाची नाव दिसते. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास, जहाजावर नोकरी केलेल्या माझ्या साताऱ्याकडच्या मित्राने ती परदेशातून जुनी विकत आणून सांगलीत माझ्या लाकूडकामाच्या कारखान्यामागे ठेवली होती. कस्टमने नव्या नावेइतकी ड्यूटी लावली. तळाची फळी कुजलीय, किंमत कमी धरा, असा अर्ज त्याने केला; निकालापर्यंत नावेला हात लावायचा नाही, अशी अट होती. तो सुनावणीला मुंबईला गेला आणि मी, सुताराच्या हौसेने, ती फळी काढून सागवानी बसवली, जवसाच्या तेलात कालवून जुन्यासारखाच रंग दिला. आल्यावर सांगून त्याला खूश करणार होतो. पण तो तपासणीच्या साहेबालाच घेऊन आला. साहेबाने फळी ठोकली. खणखणीत आवाज आला. "ही कुजलेली? आम्हाला वेडे समजता?" मित्र गडबडला. "आवं साहेब, माझं बोट आत जायचं! सांग की रं गड्या, तू तर लाकडातला माणूस." अटकेच्या भीतीने मी मान खाली घातली. "मला न्हाई ठावं." नाव जप्त झाली. गाव त्याला खोटारडा म्हणू लागलं, आणि तो मात्र मला म्हणायचा, "माझीच नजर चुकली आसंल रं." गेल्या महिन्यात तो वारला. कुजलेली फळी अजून माझ्या माळ्यावर आहे. उद्या ती घेऊन त्याच्या मुलीसमोर उभा राहणार आहे.