देवी हो म्हणाली होती

देवीने नाही म्हणावं, अशी प्रार्थना मी एकदा केली आहे. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला बाकीचं सगळं आता ठाऊक आहे, पण एवढं तिलाही नाही. माणसं देवळात जाऊन पोर मागतात, नोकरी मागतात, दुखणं जाऊ दे म्हणतात. मी हात जोडून, डोळे मिटून, एक नकार मागितला होता.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्या अंगाने डोंगरात आहे. वाडीतून कोणी लांब जायला निघालं की आधी देवीचा कौल घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. पोरगा मुंबईला कामाला लागो की आखातात जावो, गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे गप्प बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर जा. डावी पडली तर थांब. कौल मोडून गेलेला माणूस मला तरी माहीत नाही. खोटा कौल सांगितलेलाही माहीत नाही, मी सोडून.

मी राहतो महाडला. चवदार तळ्याकडून बाजाराकडे आलं की एका बोळात माझं पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं दुकान आहे. जळलेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत बसवायची. हे काम करताना माझे हात कधी थरथरत नाहीत. पण ज्या ठिकाणाहून दिवसाच्या दिवसात परत येता येत नाही, तिथे जायचं ठरलं की तीच तार कोणीतरी माझ्या पोटात गुंडाळायला लागतं. जेवण उतरत नाही. रोजच्या वस्तू, दारामागची छत्री, देवघरातली समई, निरोप घेतल्यासारख्या माझ्याकडे बघतात. झोप लागली तर स्वप्नात एसटी येते. धुकं असतं, कंडक्टर तिकीट फाडून हातात देतो आणि अगदी मायेने सांगतो, परतीची गाडी नाय हां.

अपघाताची भीती म्हणाल तर तसं नाही. आमच्या घाटात दरडी कोसळतात, त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलोय. कारण शोधायला बसलो तर सापडत नाही. लहानपणी काही घडलं होतं का, तर तेही नाही. आहे ती आहे. आणि आमच्याकडे पुरुषमाणसाने पोटात गोळा येतो म्हणून घरी बसायचं, हे सांगणार कसं? म्हणून मी कायम दुसरं काहीतरी सांगत आलो. ताप आलाय, मोठी ऑर्डर आलीय, गिऱ्हाईक अडून बसलंय.

बायकोचं माहेर शिवथरकडचं. त्या खोऱ्यात मान वर केल्याशिवाय आभाळ दिसत नाही. शाळेच्या सहलीत तिने एकदा आपल्या रायगड जिल्ह्यातला समुद्र पाहिला होता, गढूळ, ओहोटीला लांब गेलेला. तिला तसला नको होता. आत उभं राहिलं की आपलीच पावलं दिसतात असा हवा होता. चार वर्षांपूर्वी तिची बहीण आणि मेहुणे अंदमानला निघाले, तेव्हा त्यांनी आम्हालाही सोबत चला म्हटलं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. तिने बॅग आणली, माझ्यासाठी एक फुलाफुलांचा शर्ट आणला, आणि मला म्हणाली, वाडीत जाऊन कौल तेवढा घेऊन या. तिच्या आईचं दुखणं चालू होतं, म्हणून ती आली नाही.

मी एकटाच गेलो. थंडीचे दिवस होते. देवळाजवळ पोचलो तेव्हा खालचं सगळं खोरं धुक्याने काठोकाठ भरलं होतं. सावित्री नदी नव्हती, पोलादपूर नव्हतं, रस्ता नव्हता. पांढरं पाणी स्तब्ध उभं होतं आणि डोंगरांची टोकं त्यातून बेटांसारखी वर आली होती. कुठल्याशा बेटावर कोंबडा आरवला. मला वाटलं, हा काय समुद्र नाही? इथे उभं राहायला कोणाला कुठे जावं लागतं? त्या क्षणी मला ते इतकं पटलं, की देवीलाही पटेल असं वाटलं. आत जाऊन हात जोडले आणि मनात म्हटलं, आई, नाही म्हण.

गुरवाने पाकळ्या लावल्या. उजवी लगेच पडली, जणू वाटच बघत होती. मी म्हटलं, काका, पाणी कमी लागलं असेल, परत लावा. त्याने परत लावल्या. पुन्हा उजवी. गुरव हसला. म्हणाला, जा रे बाबा, आई बोट धरून पाठवतेय.

महाडला येईपर्यंत धुकं विरलं होतं. बायको दारातच उभी होती. मी चपला काढता काढता म्हटलं, डावा दिला.

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली असती तर मी कदाचित खरं बोललो असतो. पण तिने कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "माझी ओटी राहिली ना नवरात्रात."

आईच्या दुखण्यामुळे त्या वर्षी वाडीत जाऊन देवीची ओटी भरायची राहिली होती. मला ते आठवतही नव्हतं. माझ्या खोट्याला कारण हवं होतं, ते तिने स्वतःहून आणून दिलं, आणि मी ते घेतलं. सगळ्यात वाईट भाग हा आहे. डावा म्हणालो तो एक शब्द होता, तोंडातून निसटला असं म्हणता येईल. पण त्यानंतर गप्प बसलो, ते चार वर्षं.

तिने बॅग माळ्यावर टाकली. बहीण परत आली तेव्हा मोबाइलमधले फोटो बघताना बायको माणसांकडे बघतच नव्हती. दोन बोटांनी फोटो मोठा करायची आणि बहिणीच्या खांद्यामागचं पाणी बघत बसायची. आणि तेव्हापासून दर चैत्रात जत्रेला ती रस्त्यापासून देवळापर्यंतची चढण अनवाणी चढायची. चैत्रातला आमचा कातळ तव्यासारखा तापतो. बाकीच्या बायका म्हणायच्या, गो, चपला घाल, वरती काढ. ही नुसती हसायची. मी तिच्या मागून चालायचो, चपला घालून, तिच्या टाचांकडे न बघता.

यंदा मुलीने पुण्याहून फोन केला. ती तिथे नोकरी करते. तिने आम्हा दोघांची अंदमानच्या विमानाची तिकिटं काढली होती, तिथल्या हॉटेलसकट, आम्हाला न विचारता. माझ्या पोटातला पहिला वेढा फोनवरच बसला. बायको मात्र शांतपणे तिला म्हणाली, "देवीनं नाय म्हटलंय. परत विचारल्याबिगर मी पाऊल उचलणार नाय." मुलगी वैतागली, कौल-बिल काय आई, हे कुठलं जग. माझी सुटका अशी पुन्हा दारात येऊन उभी राहिली होती. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त पूर्वीसारखं गप्प बसायचं होतं.

दोघेही वाडीत गेलो. बायकोने रिक्षातच चपला काढून ठेवल्या. जत्रा नव्हती, ऊनही नव्हतं, तरी ती तशीच चढली. गुरव तोच होता, आता जरा वाकलेला. तिने ओटी भरली आणि त्याला सांगितलं, मागच्या वेळी डावा दिला होता, माझ्याकडून चूक झाली होती, तेवढं गाऱ्हाण्यात घाला. गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मग पाषाणावरचं कालचं फूल काढत राहिला. त्याने मला उघडं पाडलं नाही, आणि ते मला जास्त जड गेलं.

त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. ही तुझी लेकरं, लांब पाण्यापल्याड निघालीत, या माऊलीकडून काय उणंदुणं झालं असेल तर पोटात घाल. बायकोने डोळे मिटले होते. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. जे तिने केलंच नव्हतं, त्याची ती माफी मागत होती, आणि ती माफी जिच्याकडे मागत होती तिला खरं काय ते माहीत होतं. त्या गाभाऱ्यात खरं माहीत नसलेली ती एकटीच होती.

मी म्हटलं, "त्या वेळी उजवाच दिला होता."

गुरवाचा हात पाकळ्यांसकट तसाच राहिला. बायकोने डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. देवीकडे पाहिलं. गुरवाने विचारलं, मग आता लावू का नको?

"नको," ती म्हणाली. "ती एकदा हो म्हणालीय. किती वेळा विचारायचं तिला?"

उतरताना ती पुढे होती. वळणावर थांबली, मागे न वळता म्हणाली, "मग मी चपला कशाला काढत होते?"

रिक्षात बसल्यावर तिने चपला घातल्या, आणि महाडपर्यंत आम्ही दोन अनोळखी पॅसेंजरांसारखे आलो.

नंतरचे काही दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती. मग एका संध्याकाळी मी दुकान बंद करून आलो, मागच्या पायरीवर ती लसूण सोलत बसली होती. तिने विचारलं, का? मी दुकानाचं कारण सांगायला तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. तार, समई, कंडक्टर, जसं आलं तसं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग एकेक विचारायला लागली.

"लग्नानंतर महाबळेश्वरला राहायचं होतं, तेव्हा ताप आला म्हणालात. तेव्हापण?"

"तेव्हापण."

"माझ्या भावाच्या लग्नाला, नागपूरला?"

"तेव्हापण."

"पोरीला पुण्याला सोडायला मी एकटी गेले."

मी मान हलवली. ती लसणाच्या पाकळीकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला माझ्यासोबत जायची लाज वाटते." एवढं बोलून आत गेली. मी तिथेच बसलो. पंचवीस वर्षं मी एक गोष्ट लपवत होतो, आणि त्या गोष्टीच्या जागी तिने ही दुसरीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन पायरीवर आली. म्हणाली, मुंबईकर गावी आले की ओट्यावर बसून प्रवास कसा झाला ते सांगतात ना, तसं सांगा. जाऊन आलो असं समजून. मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती कप खाली ठेवून खरंच ऐकायला बसली.

मी चाचरत सुरुवात केली. पहाटे निघालो. माणगावला चहा घेतला.

"कसा होता?"

"पाणचट."

"मग बरोबर. पुढे?"

विमान वर गेलं तेव्हा पोटात गोळा आला, मी म्हटलं, मग तू माझा हात धरलास.

"मी कशाला धरू? मी खिडकीतनं बघत होते."

"मग मी खुर्चीचा हात धरला."

"हां, असं खरं सांगा."

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी थोडं थोडं जाऊन येतो. दिवेलागणीची वेळ असते, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते, आणि आम्ही ढगांच्या वर असतो. कधी ती सांगते. तिच्या सांगण्यात पाणी आधी हिरवं असतं, मग निळं, मग कुठल्याच रंगाचं नसतं, आणि ती त्यात घोट्यापर्यंत उभी असते. माझ्या सांगण्यात बेट हळूहळू आमच्या वाडीसारखं व्हायला लागतं. माडाखाली आमच्याच गाई बसलेल्या असतात, वाळूतून एक चढण वर जाते, वर एक लहानसं देऊळ. ती म्हणते, असं काय नसतं हो तिथं. मग म्हणते, बरं, असूदे. तार अजून गुंडाळली जाते. पण आता एखादा वेढा बसला की मी तिला सांगतो, बसला. ती म्हणते, बसूदे. कधी एवढ्यावरच तो सैल पडतो, कधी पडत नाही.

तिने मला माफ केलंय असं मला वाटत नाही. मुलीला तिने यातलं काही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही का ते. परवा कपडे भरताना तो फुलाफुलांचा शर्ट निघाला. पोटावर बसत नव्हता. ती हसली, पण मग हसता हसता तोंड फिरवून बराच वेळ घड्या घालत राहिली.

उद्या पहाटे निघायचं आहे. आज दुकानात एक मोटार अर्धी वाइंड करून ठेवून आलोय, पूर्ण करावीशी वाटली नाही. दोनदा दार लावलंय का ते बघून आलो. मी जाणार आहे. भीती गेली म्हणून जात नाही, ती बरोबर येणार आहे. परत येऊ तेव्हा चैत्र लांब नसेल.

तिने माझ्या खोट्यापायी देवळाची चढण अनवाणी केली, चार जत्रा. त्या चार चढणी, तापल्या कातळावरून, भर उन्हात, माझ्या पायांनी चढायच्या अजून बाकी आहेत.