बहुतेकवाला मेहुणा

अख्ख्या मराठवाड्यात "शंभर टक्के" हे शब्द ज्याच्या तोंडून कधीच निघाले नाहीत असा एकच माणूस असेल, आणि तो माझा मेहुणा आहे. आपल्याकडे रस्ता विचारला तर माणूस चुकीचासुद्धा शंभर टक्के खात्रीने सांगतो. याला मात्र "जेवलास का?" विचारा, जरा थांबून म्हणेल, "बहुतेक." संभाजीनगरातल्या एका कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवतो आणि शरीरातल्या पेशी किती वाढतील, किती मरतील याची गणितं मांडतो. हे गणितात बसतं कसं, असं मी एकदा विचारलं, तर पुंडलिकनगरच्या घरी त्याने मला थेट चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी नेलं आणि कढईत ज्वारीच्या लाह्या फोडायला घेतल्या. "दाजी, कोणता दाणा कधी फुटंल ते कुणालाच नाय सांगता येत. पण मूठभर टाकले तर त्यातले किती फुटतील, ते सांगता येतं. पेशींचंबी तसंच हाय." या नादात लाह्यांचा कोळसा झाला. सासूबाई धावत आल्या. "एवढं शिकलास, अन् लाह्या करपणार ते कळंना व्हय रं तुला?"

"शक्यता लई होती, आई," तो गंभीरपणे म्हणाला.

त्याच्यासाठी कन्नडला मुलगी पाहायला गेलो तेव्हाही तेच. मुलीच्या मामांनी विचारलं, "मग, पसंत हाय का?" हा म्हणाला, "बहुतेक." मध्यस्थाने तर कपाळालाच हात लावला. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "माझंबी बहुतेकच हाय." तिथल्या तिथे लग्न ठरलं, आणि संसार असा झकास चाललाय की मला हेवा वाटतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला डेंगी झाला. प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "काय नाय होत, शंभर टक्के बरी होणार." मी मान हलवायचो आणि मनातून आणखी घाबरायचो. मेहुणा दवाखान्याच्या बाकावर गुमान रिपोर्ट वाचत बसलेला असायचा. शेवटी त्यालाच विचारलं, "खरं सांग, वाचेल ना रे?"

त्याने हातातला रिपोर्ट पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "बहुतेक, दाजी."

दुसरा कुणी असं बोलला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. पण हा माणूस समोरच्याचं मन राखायला कधी अवाक्षर बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घशाखाली चहा उतरला.

पोर बरी झाली. घरी नेताना मी त्याला म्हणालो, "तुला आतून माहीत होतं ना, ती वाचणार ते?"

"नव्हतं माहीत," तो म्हणाला. "माहीत असतं तर घरी जाऊन झोपलो नसतो का, दाजी?"

त्याचे डोळे तांबारले होते, दाढी वाढली होती. इतके दिवस शेजारी बसून मला ते दिसलंच नव्हतं. मी त्याच्या हातातली पिशवी तेवढी घेतली.