पांढऱ्या साडीतली कॅन्डिडेट

पांढरे कपडे घालून मतं मागायला निघालेले सगळे रोमन निवडून येत होते का? मला माहीत नाही. आज सकाळी बाबांनी हे विचारलं.

मैत्रिणींनो, तुम्हाला दुसरीकडून काही कळायच्या आत भित्तिपत्रकावर लिहून टाकते. काल आपल्या वाचनालयात वाचलं की ‘कॅन्डिडेट’ हा शब्द ‘पांढरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. रोममधले उमेदवार खडूने पांढरे केलेले कपडे घालून लोकांपुढे जात. आज माझी शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. आई कामावर गेलेली. मी तिची लग्नातली पांढरी साडी नेसून निघाले.

आमच्या बौद्ध वस्तीत नवरी पांढरी साडी नेसते, हे रोमच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नाही. नळावर शेजारच्या सुमनमावशीने विचारलं, “काहून वं, एकटीच निघाली?” मी घाईत नुसती हसले.

बसथांब्यावर पोचते तोच मागून बाबा सायकलवर धापा टाकत आले. “पोरगा कोण आहे ते तरी सांग. आम्ही काय नाही म्हणून राहिलो का?”

मी रोमपासून सगळं समजावलं. तेवढ्यात बस निघून गेली. बाबांनी तो रोमनांचा प्रश्न विचारला, मला कॅरिअरवर बसवलं आणि वेळेत शाळेत पोचवलं. निकाल अजून यायचा आहे.

सोमवारी दुसऱ्या शाळेत मुलाखत आहे. तेव्हाही मी हीच साडी नेसणार. संध्याकाळी वस्तीत घरोघरी जाऊन तसं सांगून आले.