तिला माती द्यायची राहिली होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं. कोरोनातला एप्रिल महिना. लिंबाखाली पोतं पसरलेलं. ती बत्त्यानं फोडायची, मी चिंचोके काढायचो. निम्म्या शिरा तशाच ठेवतो म्हणून तिची तकरार चालू.

"अवो, चिंच साफ करायलात का खेळायलात?"

"तुझा हात कोणी धरलाय का? कर की तूच."

"मीच करते. लगीन झाल्यापासनं मीच करते."

मग ती खोकली. चिंचेची धूळ गेली असंल, म्हणाली. मलाही तसंच वाटलं. चौथ्या दिवशी चाकूरहून तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं. ती आत, मी फाटकाबाहेर. नऊ दिवसांनी ती गेली, तेव्हा मला आत बोलावलं ते सही करायला.

मी तिसरी शिकलेलो. सही येते, वाचायला वेळ लागतो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "हिंदू ना, बाबा?" मी म्हणालो, "व्हय." त्यानं पुढं काय लिहिलं ते मी बघितलं नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. मयताला मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच पुरतात. आमच्या गावात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला वाटलं, लातुरातही ठाऊक असंल. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गाडी सरणाच्या शेडकडं वळली तेव्हा उमगलं. तारेच्या कुंपणाला धरून ओरडलो, "अरे, आमच्यात माती देतेत! जाळू नका तिला!" वरपासून खालपर्यंत प्लास्टिक घातलेला एक माणूस जवळ आला. "अप्पा, रांग बघा किती हाय. कागदावर जसं हाय तसंच करावं लागतंय." उन्हात तोही आतून शिजत होता. त्याच्यावर माझा राग नाही. धूर निघाला तो मी उभ्यानं बघितला.

नंतर एक पिशवी हातात दिली. चष्मा, मोबाईल आणि तिच्या गळ्यातलं लिंग, चांदीच्या डबीसकट. आमच्यात गुरूनं बांधलेलं लिंग जन्मभर उतरत नाही. मेल्यावर ते डाव्या तळहातावर ठेवतात आणि माणसाबरोबर मातीत जातं. ते कधी घरी परत येत नसतं. तिचं आलं.

आमच्यातले विधी करणाऱ्या जंगमाकडं गेलो. "अय्या, निदान या लिंगाला तरी माती द्या. शेतात तिची समाधी करू." ते म्हणाले, "देह न्हाई तर समाधी कशाची? लिंग कुठंतरी पाण्यात सोडा." मी सोडलं नाही. किती वर्षं ती डबी माझ्या उशाला होती. पोरगा म्हणायचा, "अप्पा, कवर धरून बसता?" मी म्हणायचो, तुझी आई अजून उघड्यावर हाय.

आणि मग यंदा पुढाऱ्याला आमच्या मेलेल्यांची आठवण झाली. निवडणूक तोंडावर. शाळेच्या पटांगणात मंडप, कोरोनात गेलेल्यांना सामुदायिक श्रद्धांजली. फ्लेक्सवर पुढारी बैलाएवढा आणि आमची माणसं तळाला, तिकिटाएवढी. तिचा फोटो आधार कार्डावरचा. त्यात ती रागावल्यासारखी दिसते. बरोबरच आहे.

ती आत गुदमरत होती तेव्हा यातला एकही जण फाटकावर आला नाही. फोन लावला तर 'साहेब बैठकीत'. आता भर साडेचारच्या उन्हात प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. वारा विझवतोय, हे पुन्हा पेटवतायत. भाषणात 'तुमचं दुःख ते माझं दुःख' तीनदा झालं. मग माईकवाल्यानं मलाच मंचावर ओढलं. "अप्पा, दोन शब्द बोला. दोनच."

मी मेणबत्ती खाली ठेवली. म्हणालो, "माझ्या बायकोला एकदा जाळलं. आता फोटोपुढं पुन्हा जाळ कशाला करायलात?"

पुढारी हसल्यासारखं करून म्हणाला, "भावना समजतो, अप्पा."

"समजता ना? मग तुमचं दुःख असू द्या तुमच्यापाशी. मला तिला माती द्यायची हाय." आणि मंचावर शाल घेऊन बसलेल्या जंगमाकडं वळलो. "अय्या, या फोटोला हार घालायला तुमाला देह लागला न्हाई. समाधीलाच कसा लागतो?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "खरं बोलला की वो!" दोघंतिघं हसले. जंगम शाल नीट करत बसले. शेवटी म्हणाले, "बघू, अप्पा. मुहूर्त काढू."

"नऊ दिवस आत होती, तवा कुणी मुहूर्त बघितला न्हाई," म्हणालो आणि उतरलो. माईकवाल्यानं लगेच गाणं लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टिकाव, खोरं घेऊन शेतात गेलो. डबीएवढा खड्डा पुरला असता. पण मी माणसाएवढाच खणला. दम लागला की बसायचो, पुन्हा खणायचो. पोरगा आला, बांधावर उभा राहिला, मग माझ्या हातातलं खोरं घेतलं. ऊन चढेस्तोवर खांद्याइतकं झालं. मग मीच आत उतरून मांडी घालून बसलो. डोकं वर कुठवर येतं ते बघितलं. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. तिला ऐसपैस झालं असतं.

खाली मीठ पसरलं, विभूती टाकली, बेलाची पानं ठेवली. तिच्या डाव्या हाताची बाजू अंदाजानं धरून तिथं लिंग ठेवलं. पोरानं हात देऊन मला वर ओढलं. पहिली माती मी लोटली.